पन्नास मीटर म्हणजे साडेचार एसट्या

सांगलीत देवमासा कुणी पाहिलेला नाही, पण त्याची उलटी मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. थोड्या थोड्या दिवसांनी पेपरात बातमी असतेच. इतक्या कोटींची व्हेल माशाची उलटी पकडली, तिघे ताब्यात, मोटार जप्त. कधी कोल्हापूर, कधी कोकण, एकदा तर खुद्द आमच्या सांगलीत. आप्पा, म्हणजे माझे सासरे, ही बातमी चहाबरोबर मोठ्यानं वाचतात आणि शेवटी एकच प्रश्न विचारतात, "उलटीला एवढं, तर मासा केवढ्याला?"

सहावीतल्या ओमने, माझ्या मुलाने, एकदा त्यांना समोर बसवून सगळं समजावलं. तो मासा नाही, पिल्लाला दूध पाजणारा प्राणी आहे. आणि ती बहुधा उलटीही नाही. स्पर्म व्हेल जातीचा देवमासा माकुल, म्हणजे स्क्विड, खातो. माकुलाच्या टणक चोची पचत नाहीत, त्यांच्याभोवती आतड्यात मेणासारखा गोळा धरतो आणि तो बहुतेक वेळा मागच्या वाटेनंच बाहेर पडतो. अत्तराचा वास टिकावा म्हणून त्याला परदेशात भाव आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे तो नुसता जवळ बाळगला तरी गुन्हा होतो. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग एवढ्या प्राण्याची घाणच बघायची व्हय आपण? जिवंत कवा बघायचा?"

अशी आमची नाताळच्या सुट्टीतली देवबागची सहल ठरली. मालवणच्या किनाऱ्यावर देवमासा दिसेलच असं नाही, बहुतेक दिसणारच नाही, डॉल्फिन मात्र दिसतील, हे मी आधीच सांगून टाकलं होतं. ओमने वहीच्या पहिल्या पानावर तरीही 'देवमासा' लिहून पुढे चौकोन काढून ठेवला.

पहिला दिवस

निघायचं सहाला ठरलं होतं, निघालो साडेसातला. अंकलीचा पूल ओलांडला तेव्हा कृष्णेवर धुकं होतं. पुढे जयसिंगपूरपर्यंत उसाचे ट्रॅक्टर. डिसेंबरात या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे गाडी चालवणं म्हणजे सहनशक्तीची परीक्षा असते, आणि शेजारच्या सीटवर निवृत्त एसटी ड्रायव्हर बसलेला असेल तर दोन परीक्षा. आप्पा एकतीस वर्षं एसटीत होते. माझा नवरा सुहास गाडी चालवत होता आणि आप्पा नसलेला ब्रेक दाबत होते.

गंमत म्हणजे आप्पा मालवणला शेकडो वेळा गेलेत, काही वर्षं सांगली–मालवण गाडीच त्यांच्याकडे होती, पण समुद्रात एकदाही गेलेले नाहीत. गाडी स्टँडात लावायची, जेवायचं, रेस्टरूममध्ये झोपायचं, पहाटे परतीची गाडी. समुद्र दिसायचा तो वळणावरून, तेही स्टेअरिंग सोडून बघता येत नाही म्हणून अर्धाच.

राधानगरीवरून फोंडा घाटाच्या वाटेला लागलो. हे राधानगरी-दाजीपूरचं जंगल १९५८ पासून राखीव आहे, गव्यांसाठी. रस्त्याकडेला चार गाड्या थांबलेल्या दिसल्या, लोक मोबाइल उंच धरून झाडीकडे चाललेले. गवा दिसला की नाही कळलं नाही. आप्पांनी सुहासला थांबू दिलं नाही. "गव्याला रिव्हर्स गिअर नसतो," एवढंच म्हणाले.

घाट उतरला तशी हवा जड झाली, स्वेटर मागच्या सीटवर गेले. कणकवली, कसाल, मालवण, तारकर्ली आणि मग देवबाग. देवबाग म्हणजे वाळूची एक लांबट जीभ आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे माडांची बाग आणि बागेत घरं. आम्ही एका गाबित, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, कुटुंबाच्या घरी उतरलो. पुढे त्यांचं घर, मागे पाहुण्यांसाठी बांधलेल्या तीन खोल्या. त्या काकींच्या हातची सुरमई आणि सोलकढी याविषयी मी स्वतंत्र लेख लिहू शकेन, इथे आवरते.

दुसरा दिवस

चूक आमचीच. काकींनी रात्री विचारलं होतं, "आमच्या ह्यांच्या बोटीन जातल्यात काय?" पण त्यांच्या बोटीला उद्या जागा नव्हती, परवा होती. आम्हाला दम निघेना. सकाळी किनाऱ्यावर गेलो तर फलकांची रांगच होती. त्यातल्या एकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'डॉल्फिन दर्शन १०० टक्के गॅरंटी, न दिसल्यास पैसे परत'. फलकावर चित्र मात्र देवमाशाचं, तोही हसणारा. ओमने वही काढली.

बोटीत आम्ही चौदा जण. लाइफ जॅकेटं घातली, कमरेचे पट्टे लागत नव्हते ते गाठी मारून बांधले. बोट खाडीच्या तोंडातून बाहेर पडली आणि लाटेवर आपटत पळायला लागली. थोड्या वेळानं पुढे आठ-दहा बोटींचा घोळका दिसला, तसा आमच्या बोटवाल्यानं वेग आणखी वाढवला.

तिथे जे चाललं होतं ते सांगली स्टँडवर शनिवारी संध्याकाळी पुण्याची गाडी लागल्यावर जे चालतं तेच होतं. एक काळपट पाठ पाण्यावर आली, तिच्यावरचा लहानसा पंखा दिसला न दिसला, की सगळ्या बोटी तिकडे. तोवर ती खाली. मग लांब उजवीकडे दुसरी पाठ, मग सगळ्या बोटी उजवीकडे. इंजिनांचा आवाज, डिझेलचा वास, शिट्ट्या, "तो बघ, तो बघ". आमच्या समोरून एक बोट इतकी जवळून आडवी गेली की आप्पांनी सवयीनं हात हॉर्नकडे नेला.

एकदा एका मोठ्या पाठीला चिकटून एक छोटी पाठ वर आली. माय आणि पिल्लू. बोटीतले सगळे एकदम उभे राहिले, बोट कलली. त्या गोंधळात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा असेल? "आरं, घ्या की जवळ! अजून जवळ!" आमच्या आप्पांचा.

चाळीस मिनिटांत संपलं. ओमच्या हिशेबानं डॉल्फिन एकूण सात सेकंद दिसले. सुहासच्या मोबाइलमध्ये अकरा व्हिडिओ होते, त्यातल्या नऊंमध्ये नुसतं पाणी आणि उरलेल्या दोनांत एका काकांची टोपी. गॅरंटी मात्र पुरी झाली होती. पैसे परत मागायला तोंडच नव्हतं.

दुपारभर आप्पा गप्प होते. जेवताना बांगड्याचा काटा काढत म्हणाले, "एकतीस वर्षं पॅसेंजरला शिव्या दिल्या मी. मास्तर हाणा की, मास्तर ती खाजगी गाडी पुढं गेली की. आन मेमो कुणाला? ड्रायव्हरला. आज मीच वराडलो की गं."

रात्री अंगणात काका भेटले, काकींचे यजमान. साठीच्या आतबाहेरचे, बोलायला कमी. पूर्वी रापणीवर जायचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकं धरून ओढायचं मोठं जाळं, पन्नास माणसांचा एक संसारच. मासळी कमी झाली, माणसं पांगली, मग त्यांनी कर्ज काढून फायबरची बोट घेतली. आप्पांनी त्यांना सकाळची हकीकत सांगितली, एका ड्रायव्हरनं दुसऱ्या ड्रायव्हरला सांगावी तशी. त्यावर काका जे म्हणाले ते मी तिथेच मोबाइलवर लिहून घेतलं.

"एक फेरी चाळीस मिनटांची. धा-अकराक वारो सुटता, मगे दर्याक उठाव येता. म्हंजे सकाळचे तीन तासच धंद्याचे. जितक्यो फेऱ्यो, तितके पैसे. इंजिनाचो हप्तो काय डॉल्फिन भरतलो? मगे पोरगो बोट पळयता. तेका वाईट म्हणान काय उपयोग?"

मी विचारलं, तुम्ही का नाही पळवत? ते म्हणाले, मी फेरी विकत नाही, सकाळ विकतो. सहाच माणसं, दोन-अडीच तास, पैसे जास्त, गॅरंटी नाही. राहायचं आणि जेवायचं घरातच आहे, त्यामुळे बोटीवरच पोट नाही. "डॉल्फिन दिसतलो काय नाय, ता माझ्या हातात नाय. समुद्र दाखवतंय, ता माझ्या हातात असा."

हे ऐकताना मला आधी वाटलं, सगळा दोष त्या गॅरंटीचा. पण ओमने शाळेच्या प्रकल्पासाठी जमवलेली माहिती वाचून दाखवली आणि माझा निष्कर्ष डगमगला. न्यूझीलंडमध्ये कायकोरा नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. रेल्वेतल्या नोकऱ्या गेल्यावर तिथल्या माओरी कुटुंबांनी घरं गहाण टाकून १९८७ मध्ये देवमासे दाखवायचा धंदा सुरू केला. तोच स्पर्म व्हेल, ज्याच्या आतड्यातला गोळा आमच्याकडे पोलीस पकडतात. आज ते गाव त्यावर उभं आहे. आणि देवमासा नाही दिसला तर तेही ८० टक्के पैसे परत देतात! मग तिथे पाठलाग का होत नाही? तर बोटींना परवाने मोजकेच, आणि १९९२ पासून नियम असा की देवमाशाच्या ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी नकोत आणि तिथे लाट उठणार नाही इतक्याच वेगानं चालायचं. शेजारच्याची बोट पुढे जाईल ही भीतीच नाही. म्हणजे खोट गॅरंटीत नाही, खोट आधी नंबर लावायच्या शर्यतीत आहे.

ऑस्ट्रेलियातले नियमही त्याच्या वहीत होते. डॉल्फिनपासून पन्नास मीटर, देवमाशापासून शंभर. समोरून किंवा पाठीमागून जायचं नाही, बाजूनं समांतर चालायचं. पिल्लू असेल तर आणखी लांब थांबायचं.

"पन्नास मीटर म्हंजे किती?" आप्पा.

ओमने अंगणात पावलं टाकून दाखवली, माडापाशी अंगण संपलं. आप्पांनीच हिशेब केला. एसटी अकरा मीटरची धर. पन्नास मीटर म्हणजे एकापुढे एक साडेचार एसट्या. शंभर म्हणजे नऊ. "आज आपण एका एसटीच्या आत हुतो," ते म्हणाले, आणि उठून झोपायला गेले.

तिसरा दिवस

पहाटे साडेसहाला काकांनी उठवलं. त्यांच्याकडे भरती-ओहोटीचं वेळापत्रक नव्हतं, कालनिर्णय होतं. आज नवमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, नऊची पाऊणपट पावणेसात. भरती भरली, आता पाणी उतरायला लागेल, खाडीतली बारीक मासळी ओहोटीबरोबर बाहेर येईल आणि तिच्यामागे डॉल्फिन तोंडाशी येतील. असा काकांचा अंदाज. चूल पेटवण्याआधी वारा कुठून आहे ते बघावं तसं ते सहज सांगत होते.

बोटीत आम्ही चौघं आणि इचलकरंजीचं एक तरुण जोडपं. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा अजून होता आणि समुद्र तव्यासारखा सपाट. काकांनी बोट हळू बाहेर काढली, किनारा डोळ्यांसमोर राहील इतक्याच अंतरावर गेले आणि इंजिन बंद केलं.

"आता गप ऱ्हवा. कानान बघा."

पहिली वीस मिनिटं काहीच झालं नाही. इंजिन थांबल्यावर बोट कशी डुलते आणि त्यानं पोटात काय होतं हे कालच्या घाईत कळलं नव्हतं, ते आज कळलं. सुहासने आल्याची वडी चघळायला घेतली. आप्पांनी भडंगाची पुडी काढली, ओमने कागद परत खिशात ठेवायला लावला. इचलकरंजीच्या मुलानं दोनदा घड्याळ बघितलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "काका, अजून थोडं पुढं जाऊया का? तिकडं बोटी दिसतायत." काकांनी फक्त मान हलवली. तिकडे खरंच कालचा घोळका जमायला लागला होता.

मग आवाज आला. कुणीतरी मागून मोठा सुस्कारा टाकावा तसा. फुस्स. आम्ही सगळ्यांनी एकदम मान वळवली तर पाण्यावर नुसतं वर्तुळ. पुन्हा फुस्स, थोडा पलीकडे. काल चाळीस मिनिटांत हा आवाज एकदाही ऐकला नव्हता. आपण ज्याच्यामागे धावत होतो तो प्राणी श्वास घेतो, हे काल आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग ते दिसायला लागले. चार होते. किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात राहणारी ही जात. पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर लहान पंखा, म्हणून इंग्रजीतल्या नावातही कुबड आहे, हंपबॅक डॉल्फिन. टीव्हीवरच्यासारख्या उड्या नाहीत. आधी लांब चोच, मग कपाळ, मग पाठ, अशी सावकाश गोल गिरकी घेऊन ते खाली जायचे. वरती कुरव पक्षी घिरट्या घालत होते. काका हलकेच म्हणाले, "खाली तारली असा. तेंका खाऊचा असा. आपलो काय, आपण खाऊन इलंव."

या जातीला जागतिक यादीत धोक्यातला म्हणून नोंदवलंय, हे ओमने आदल्या रात्री सांगितलं होतं. कारणही तिथेच दिसत होतं. हे खोल समुद्रात जातच नाहीत. जिथे जाळी, जिथे खाडीचं तोंड, जिथे बंदर, जिथे आमच्यासारखे पर्यटक, तिथेच यांचं घर. ते आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर मासळी हुडकतात, पिल्लाला हाक मारतात. त्या पाण्यात दहा इंजिनं सुरू झाली की काय होत असेल? मंगल कार्यालयात डीजे चालू असताना हरवलेलं पोर शोधायचं, तसं.

एक जोडी फिरत फिरत आमच्या बोटीकडे आली. आम्ही गेलो नव्हतो, ती आली. आप्पांनी पुटपुटत मोजलं, "पाच... चार... तीन एसट्या." तिथून त्यांनी दिशा बदलली. आप्पांचा हात बोटीच्या कडेला घट्ट होता, तोंडातून शब्द नाही.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण घोळक्यातल्या एका बोटीनं आम्हाला थांबलेलं पाहिलं. थांबलेली बोट म्हणजे डॉल्फिन, हे समुद्रावर सगळ्यांना कळतं. ती सुसाट आली, मागून आणखी तीन. चारही पाठी एकदम बुडाल्या आणि बऱ्याच वेळानं खूप लांब, समुद्राच्या बाजूला, एकमेकींना चिकटून वर आल्या. त्या चारही बोटी तिकडे. इचलकरंजीचा मुलगा म्हणाला, "आपण पण जाऊ की!" काकांनी इंजिनाला हात लावला नाही. "आता तेंच्या पाठी जावचा नाय."

परतताना मी काकांना छेडलं. तुम्ही एकटे थांबून काय होणार? त्यांनी वाद घातला नाही. एक वर्षी बोटवाल्यांची बैठक झाली होती म्हणाले. एका वेळी तीनच बोटी, बाकीच्यांनी लांब थांबून पाळी घ्यायची, असं ठरलं. कार्तिकात ठरलं, नाताळात मोडलं. गर्दीच्या दहा दिवसांत वर्षाचा हप्ता निघतो, तेव्हा पाळी कोण धरणार? मला त्यांचा राग आला नाही. कालच्या बोटवाल्याचाही येईना. तो नियम पाळायचा म्हणून गेला असता आणि आमच्यासारख्या चौदा जणांनी डॉल्फिन दिसले नाहीत म्हणून पैसे परत मागितले असते, तर नियमाची किंमत त्या पोरानं एकट्यानं मोजायची?

काही ठिकाणी किंमत वाटून घेतल्याचं मी ऐकलंय. रत्नागिरीच्या मंडणगड तालुक्यात वेळास आहे. तिथे समुद्रकासवांची अंडी पूर्वी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांबरोबर ती राखायला सुरुवात केली. आता पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा लोक बघायला येतात, गावातल्या घरांत उतरतात, तिथेच जेवतात. कासवाचा पैसा स्वयंपाकघरातून गावात शिरतो. आणि मच्छीमारांसाठीही एक सोय आहे. जाळ्यात डॉल्फिन किंवा कासव अडकलं आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. २०१८ पासूनची योजना आहे. जाळं कापण्याचा सल्ला देणं आपल्याला सोपं, ज्याचं जाळं आहे त्याला विचारावं.

संध्याकाळी ओमने काकांना तो प्रश्न विचारलाच. देवमासा पाहिलाय?

काका बराच वेळ जाळ्याचं भोक सांधत राहिले. मग म्हणाले, "एकदाच. निवतीच्या भायर, लांब. माका वाटला कोणाची बोट पेटली, धूर येता. मगे कळला, धूर नाय, पाण्याचो फवारो. पाठ वर इली ती सरता सरना. आम्ही जाळा वडूचा सोडून हात जोडले."

"घाबरलात?"

"नाय. देव मासो तो."

ही नुसती दंतकथा नाही. मे २०१५ मध्ये याच सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासमोर अभ्यासकांना निळे देवमासे दिसल्याच्या बातम्या आल्या होत्या, पिल्लासकट. जगातला आजवरचा सगळ्यात मोठा प्राणी, आमच्या सांगलीपासून दोनशे किलोमीटरवर. पण ते कुणाच्या फलकावर बसत नाहीत आणि बसवूही नयेत. आपल्याकडे देवमाशाची दुसरी बातमी येते ती किनाऱ्याला लागल्याची. २०१५ च्याच जूनमध्ये रेवदंड्याला एक निळा देवमासा वाळूत येऊन मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला एक पिल्लू आलं, लोकांनी दिवस-रात्र पाणी मारून, ओढून ते समुद्रात नेलं, तरी वाचलं नाही. त्या वेळी आप्पांनी पेपरातली ती बातमी मोठ्यानं वाचली नव्हती, हे मला आता आठवलं.

झोपताना ओमने वहीतला रिकामा चौकोन खोडला नाही. त्याच्याखाली लिहिलं, 'काकांनी पाहिला'.

चौथा दिवस

सिंधुदुर्ग किल्ला, गर्दी, खाजा, खटखटे लाडू, परत. १६६४ साली कुरटे बेटावर ज्यानं हा किल्ला बांधायला घेतला त्या राजाला किनाऱ्याचं महत्त्व आपल्याआधी किती वर्षं कळलं होतं, हे सुहास दर वेळी सांगतो, या वेळीही सांगितलं. घाट चढताना आप्पांनी ब्रेक दाबला नाही, झोपले होते.

पाचवा दिवस

सहल चार दिवसांचीच होती. पण रविवार शिल्लक होता आणि औदुंबरला दत्ताला जायचं आप्पांनी बोललेलं होतं. घरापासून तासाभराच्या आत. दर्शन झालं, पेढे घेतले, घाटाच्या पायऱ्या उतरून पलीकडे भुवनेश्वरीला जाणाऱ्या नावेत बसलो.

भिलवडी-औदुंबरचा हा कृष्णेचा पट्टा मगरींचा आहे. आम्हा सांगलीकरांना त्यात नवल वाटत नाही. मगर म्हटलं की आम्हाला आठवतो तो नदीवर धुणं धुताना, जनावरं पाजताना घेतलेला जीव, आणि ते विसरून गंमत म्हणून मगर बघा असं कुणाला सांगणं मला जमणार नाही. काठावर ज्यांचं रोजचं पाणी आहे त्यांचा हिशेब मालवणच्या पर्यटकापेक्षा वेगळा आहे. पण हिवाळ्यात सकाळी उन्हाला मगरी काठावर येऊन पडतात, आणि त्या दिवशी एक पडली होती. पलीकडच्या गाळाच्या पट्टीवर, ओंडक्यासारखी, तोंड उघडं.

नावेत पुण्याकडचं एक कुटुंब होतं. "अहो, जरा जवळ घ्या ना! फोटो!"

नावाडी माझ्याच वयाचा असेल. त्यानं वल्ह्याची दिशा बदलली नाही, पण नाहीही म्हणाला नाही. त्यानं आमच्याकडे बघितलं. इतर गिऱ्हाईक काय म्हणतंय हे बघतात तसं.

"तिला ऊन खाऊ द्या की," आप्पा म्हणाले. "इथनं झ्याक दिसतीय."

त्या कुटुंबातला माणूस नाराज झाला, मोबाइल झूम करून फोटो काढू लागला. आमच्या बोलण्यानं की वल्ह्याच्या आवाजानं कोण जाणे, मगरीनं तोंड मिटलं, पण हलली नाही. ओमने खिशातून वही काढली. देवमाशाच्या पानाच्या मागचं पान उघडून लिहिलं, 'मगर, १. अंतर:' आणि पेन थांबवून आप्पांकडे बघितलं.

आप्पांनी एक डोळा मिटला. आरशात बघून गाडी मागे घेताना मिटायचे तसा.

"पाच एसट्या," ते म्हणाले. "न्हाई, थांब. साडेपाच. मागची अर्धी स्टँडाच्या भाईर हाय."